‘बाई आजारी, येशू आला, बाई बरी झाली’ – शुभवर्तमानातल्या बायकांच्या गोष्टी साहित्य म्हणून कशा वाचायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही एम.ए. मराठी करताय, कथाशास्त्र, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते त्याचं शास्त्र, शिकलात, आणि आता शुभवर्तमानातल्या, म्हणजे नव्या करारात येशूची कहाणी सांगणाऱ्या पुस्तकांतल्या, बायकांना बरं केल्याच्या गोष्टी वाचायला घेतल्यात तर सगळ्या एकाच साच्यातल्या वाटतायत, बाई आजारी, येशू आला, बाई बरी, आणि यात साहित्य म्हणून बघण्यासारखं काय आहे, आणि असं बघितलं तर घरच्यांच्या श्रद्धेला धक्का लागतो का. मी २० वर्षांहून जास्त काळ वसई-मुंबईकडे वाचनगट चालवतेय, ग्रीक नवा करार शिकवते, त्यामुळे जरा लांब उत्तर देते, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे चमत्कारावर नजर ठेवून वाचू नका. चमत्कार या गोष्टींमध्ये बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात उरकलेला असतो. उरलेली जागा लेखकाने कशावर घालवलीय ते बघा. कोण बोलतं, कोणाच्या मनातलं आपल्याला ऐकवलं जातं, बाईच्या वाट्याला कुठली क्रियापदं आली, हे पेन्सिल घेऊन खुणा करत वाचा. साचा तिथेच मोडतो.

सुरुवात मार्क ५:२१–४३ (मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ५, वचनं २१ ते ४३) पासून करा. याईर नावाचा सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचा, अधिकारी येशूच्या पाया पडतो, माझी लेक मरायला टेकलीय, चला. येशू निघतो, गर्दी बरोबर. आणि मध्येच एक बाई येते, १२ वर्षं रक्तस्राव होणारी, मागून येऊन त्याच्या कपड्याला हात लावते, बरी होते, येशू थांबतो, बोलणं होतं, आणि तोवर निरोप येतो की याईराची मुलगी गेली. मग येशू घरी जातो, मुलीला उठवतो, आणि आपल्याला अगदी शेवटी सांगितलं जातं की ती १२ वर्षांची होती. एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालणं ही मार्कची लाडकी पद्धत आहे, पण इथे ती नुसती कसरत नाहीये. ही बाई आजारी पडली त्याच वर्षी ती मुलगी जन्मली, एका घरात लेक वाढत होती आणि दुसरीकडे एक बाई झिजत होती, हा हिशोब मार्क स्वतः करून देत नाही, तो आकडा आधी बाईच्या गोष्टीत ठेवतो आणि मुलगी चालायला लागल्यावर परत टाकतो आणि पुढे जातो. वाचणाऱ्याला मागे वळून बघावं लागतं.

आता त्या बाईचं पहिलं वाक्य. मूळ ग्रीकमध्ये तिथे एकापाठोपाठ सात धातुसाधितं (‘आलेली’, ‘सोसलेली’ अशी क्रियापदापासून झालेली रूपं) येतात आणि मग कुठे मुख्य क्रियापद येतं. इंग्रजी भाषांतरं याचे तुकडे करतात, पण आपली मराठी हे छान पेलते. बघा: १२ वर्षं रक्त जात असलेली, बऱ्याच वैद्यांच्या हातून बरंच सोसलेली, होतं नव्हतं ते सगळं घालवून बसलेली, काडीचा गुण न आलेली, उलट आणखीच बिघडलेली, येशूबद्दल ऐकलेली, गर्दीत मागून आलेली – ती त्याच्या कपड्याला शिवली. श्वास कोंडतो ना? बारा वर्षं त्या वाक्यात कोंबलीत, आणि सगळं लांबत लांबत त्या एका क्रियापदावर येऊन पडतं, आणि ते क्रियापद तिचं आहे, येशूचं नाही. बरं करण्याच्या गोष्टीत नेहमी हात लावणारा बरं करणारा असतो, इथे उलटं झालंय. आमच्या गटात हे वाक्य मी नेहमी मोठ्याने वाचायला लावते, आणि एकदा एक निवृत्त नर्सबाई निम्म्यात थांबल्या, म्हणाल्या की पेशंटच्या बायका अशाच सांगतात हो, मध्ये पूर्णविराम देतच नाहीत, कारण थांबल्या तर कोणी ऐकून घेणार नाही अशी भीती असते. मला तोवर हे सुचलं नव्हतं.

मग लगेच तिच्या मनातलं येतं, ‘नुसत्या त्याच्या कपड्यांना हात लागला तरी मी बरी होईन.’ याईर सगळ्यांसमोर मोठ्याने विनवतो, त्याला नाव आहे, हुद्दा आहे. हिला नाव नाही, पण हिच्या डोक्यात आपल्याला प्रवेश आहे, याईराच्या डोक्यात नाही. नाव नसलेली म्हणून बाईला लेखकाने खाली ठेवलं असा घाईचा निष्कर्ष बरेच जण काढतात, मला तो पटत नाही, इथे जवळीक नावाने मोजलेलीच नाही. पुढे बघा, तिला ‘अंगात कळलं’ की आपण बरे झालो, आणि पुढच्याच वाक्यात येशूला ‘स्वतःमध्ये कळलं’ की आपल्यातून शक्ती गेली. त्या गर्दीत खरं काय झालं ते फक्त दोघांना माहितीय, आणि तिसरे आपण. शिष्यांना काही पत्ताच नाही, ते म्हणतात एवढी रेटारेटी चाललीय आणि मला कोण शिवलं म्हणून काय विचारताय.

या सगळ्या वेळात याईर तिथे उभा आहे. मार्क त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. लेक मरायला टेकलेला बाप, आणि हा माणूस रस्त्यात थांबून विचारत बसलाय कोण शिवलं. बाई भीत, थरथरत येते, पाया पडते आणि ‘सगळं खरं’ सांगते. म्हणजे किती वेळ? १२ वर्षांचं सगळं खरं सांगायला किती वेळ लागतो? येशू ते पूर्ण ऐकून घेतो आणि मग म्हणतो, ‘लेकी, तुझ्या विश्वासाने तुला तारलं आहे.’ आणि तो हे बोलतोय तेवढ्यात निरोप्ये येतात, ‘तुमची लेक गेली.’ लागोपाठच्या दोन वचनांमध्ये एकच शब्द, थुगातेर, लेक. एकीला तो शब्द मिळाला त्याच क्षणी दुसरीवरून तो काढून घेतला गेला असं वाटतं, आणि मग येशू बापाला म्हणतो भिऊ नकोस, फक्त विश्वास ठेव. बापाने विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तर आत्ता त्याच्या डोळ्यांसमोर एक बाई भीत भीत जे करून गेली ते.

इथे भाषांतराकडे लक्ष द्या. मराठीत बहुतेक जण ‘मुली’ असं भाषांतर करतात, आणि पुढे घरी गेल्यावर ‘तलीथा कूम’ म्हणजे ‘मुली, ऊठ’, तिथेही ‘मुली’. मूळात हे दोन वेगळे शब्द आहेत, बाईला ‘लेकी’, आणि त्या पोरीला ‘पोरी’ म्हणावं असा, कोरासिओन. मराठीत दोन्ही एक झाले की ‘लेकी’ आणि ‘तुमची लेक गेली’ यातला धागा सैल होतो. दुसरं म्हणजे ‘तुला तारलं आहे’ याच्या जागी भाषांतरात येणारं ‘तुला बरं केलं आहे’. मूळ क्रियापद सोझो, त्यात बरं करणंही आहे आणि वाचवणं, तारणंही. याईर तेच क्रियापद वापरून लेकीसाठी मागणं मागतो, बाई मनात तेच म्हणते, येशू तेच उच्चारतो. संतांच्या भाषेत वाढलेल्या आपल्याला ‘तारणे’ हा शब्द परका नाही, मी वाचताना तोच घालते. आणि आणखी एक, रोगासाठी मार्क दोनदा ‘मास्तिक्स’ म्हणतो, म्हणजे चाबूक. चाबकापासून सुटका, असं आहे ते. भाषांतरात नुसतं ‘पीडा’ उरतं. म्हणून एकाच भाषांतरावर थांबू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली वारल्या त्याच्या आधी काम पुरं केलं, साध्यासुध्या बाईला वाचता यावं हा त्यांचा हट्ट होता. ते भाषांतर मिळालं तर आजच्या एखाद्या भाषांतराच्या शेजारी ठेवून हाच उतारा वाचा.

आता हीच गोष्ट मत्तय ९:१८–२६ मध्ये वाचा. मार्कची २३ वचनं, मत्तयाची ९. काय गळालं ते बघा: वैद्य गेले, खर्च गेला, ‘कोण शिवलं’ गेलं, भीती-थरथर गेली, सगळं खरं सांगणं गेलं. मुलगी सुरुवातीलाच मेलेली आहे, त्यामुळे मधल्या खोळंब्याची ती टांगती तलवार पण नाही. आणि बाई बरी होते ती शिवल्यावर नाही, येशू वळून बोलल्यावर. मत्तयाला येशूचा शब्द मध्यभागी हवाय, ठीक आहे, त्याचा तो हेतू आहे, पण बाईच्या बाजूने बघितलं तर केवढा फरक. लूक ८ मध्ये वैद्यांवरची टीका सौम्य होते, ‘उलट आणखीच बिघडली’ हे तो लिहीत नाही, आणि पैसे वैद्यांवर घालवल्याचं वाक्य काही जुन्या हस्तलिखितांत सापडतच नाही. परंपरेने लूकला वैद्य मानतात म्हणून लोक यावर हसतात, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की लूक तिला ‘सगळ्या लोकांसमोर’ बोलायला लावतो. मार्कमध्ये ती येशूला सांगते, लूकमध्ये ती जाहीर साक्ष देते. तिन्ही लेखकांची बाई वेगळी आहे. कथाशास्त्र शिकलेल्या माणसाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही, एकच घटना आणि तीन निवेदक, तेही शेजारी शेजारी.

एक धोका मात्र सांगायलाच हवा, कारण मराठी वाचक त्यात हमखास पडतो, मी पण पडले होते. ‘शिवणे’ म्हटलं की आपल्या कानात लगेच शिवाशिव, विटाळ, बाजूला बसणं हे सगळं वाजतं. मग आपण गोष्ट अशी सांगतो की या बाईला यहुदी समाजाने वाळीत टाकलं होतं आणि येशूने विटाळ मोडला. मार्क असं लिहीत नाही हो. ‘रक्तस्राव’ आणि ‘रक्ताचा झरा’ या शब्दांमागे लेवीय या जुन्या करारातल्या नियमांच्या पुस्तकातली भाषा नक्की आहे, पण गोष्टीत कोणी तिला हटकत नाही, तू इथे कशी आलीस असं म्हणत नाही, आणि येशूही शुद्ध-अशुद्धाबद्दल चकार शब्द बोलत नाही. लेवीय १५ मध्ये पुरुषांच्या स्रावाचेही नियम आहेत, फक्त बायकांचे नाहीत. मत्तय आणि लूक तर सांगतात की तिने कपड्याच्या गोंड्याला हात लावला, म्हणजे धार्मिक यहुदी पुरुष नियमाप्रमाणे घालतो तो गोंडा. येशू यहुदी, बाई यहुदी, याईर सभास्थानाचा अधिकारी आणि गोष्टीतला सगळ्यात कळवळा वाटावा असा माणूस. आपल्या घरातला विटाळ त्यांच्या घरात नेऊन ठेवायचा आणि वर यहुद्यांना नावं ठेवायची, हे वाईट वाचन आहे आणि त्याचा इतिहासही वाईट आहे. आपल्या आठवणी येणारच, माझ्याही येतात, आजीने कोपऱ्यात बसवलेलं मला आठवतं, पण ते माझं आहे, मार्कचं नाही, समासात वेगळ्या शाईने लिहावं.

येशूचा शिष्य शिमोन, त्याच्या सासूची गोष्ट (मार्क १:२९–३१) तीन वचनांची. तापाने पडलीय, येशू हात धरून उठवतो, ताप जातो, ती त्यांची सेवा करायला लागते. वाचनगटात इथे बायकांचा उसासा ठरलेला असतो, उठली की लगेच चुलीपाशी! तो उसासा खोटा नाही, दाबू नका. पण ते क्रियापद, दिआकोनेओ, आणखी कुठे कुठे येतं ते शोधा. थोडं आधी अरण्यात देवदूत येशूची ‘सेवा’ करतात तिथे तेच आहे, १०:४५ मध्ये ‘मनुष्याचा पुत्र’, म्हणजे येशू स्वतः, सेवा करायला आला तिथे तेच, आणि १५:४१ मध्ये गालीलातून त्याच्या मागे आलेल्या, क्रुसापासून लांब उभं राहून बघणाऱ्या बायकांसाठीही तेच. शिष्यांपैकी एकाही पुरुषाबद्दल मार्क हे क्रियापद वापरत नाही. म्हणजे स्वयंपाकघर आहेच, पण लेखकाच्या हिशोबात ते स्वयंपाकघरात संपत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी आणि म्हणून सगळ्यात आवडती गोष्ट मार्क ७:२४–३०, सोर प्रांतातली सुरफिनिकी बाई. परकी, परधर्माची, लेकीला भूत लागलंय. ‘लहानगी लेक’ हा खास शब्द मार्कने याईराच्या तोंडी घातला होता, तोच इथे या बाईच्या लेकीसाठी, अख्ख्या पुस्तकात दोनच जागी. पण याईराबरोबर येशू मुकाट निघाला, आणि हिला म्हणतो, आधी मुलांना पोटभर खाऊ दे, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. हे वाक्य कठीण आहे. कुत्र्यासाठी लाडका लघुरूप शब्द आहे, ‘कुत्र्याची पिल्लं’ म्हणा, असं सांगून बरेच उपदेशक सारवासारव करतात, पण पिल्लू म्हटल्याने अपमान जात नाही. लेखकाने तो पुसला नाही, आपणही पुसू नये.

तिचं उत्तर मात्र शब्द शब्द बघा. ‘हो प्रभू, पण टेबलाखालची पिल्लंही लेकरांच्या हातून पडलेले कण खातात.’ येशू म्हणाला होता ‘तेक्ना’, म्हणजे पोटची मुलं, वारस. ती तो शब्द बदलते, ‘पायदिआ’ म्हणते, म्हणजे नुसती लहान लेकरं, कोणाचीही. आणि ती घरी जाते तेव्हा निवेदक सांगतो की तिला ‘लेकरू’ बिछान्यावर पडलेलं दिसलं, तोच तिचा शब्द, एकवचनात. निवेदकाने तिची भाषा उचललीय. गोष्ट सुरू होते येशूच्या शब्दाने आणि गोष्ट संपते बाईच्या शब्दाने. आणि मार्कमध्ये येशू तिच्या विश्वासाचं नावही काढत नाही, ‘या बोलण्यामुळे’ जा, म्हणतो. विश्वास हा शब्द मत्तयाने हीच गोष्ट सांगताना घातलाय. तुम्ही साहित्याच्या विद्यार्थिनी, तुम्हाला हे आवडायला पाहिजे, एका बाईची लेक बरी झाली ती तिच्या वाक्यामुळे.

आता गोष्ट कुठे ठेवलीय ते बघा. आधी सहाव्या अध्यायात येशू ५,००० लोकांना भाकर खाऊ घालतो, १२ टोपल्या उरतात. नंतर आठव्यात ४,००० लोकांना, ७ टोपल्या उरतात. ‘पोटभर’ हे क्रियापद दोन्हीकडे आहे आणि मध्ये या बाईच्या गोष्टीतही आहे. टोपल्या भरभरून उरलेल्या भाकरी आणि दोन जेवणांच्या मध्ये एक बाई सांगतेय की कण मिळाले तरी पुरे. शिष्य मात्र आठव्या अध्यायात नावेत बसून भाकर नाही म्हणून कुरकुरतात. कोणाला काय समजलं हे मार्क नुसत्या मांडणीतून सांगतो.

लूक १३:१०–१७ मधली कुबड आलेली बाई याच्या अगदी उलट, ती काही मागत नाही, शिवत नाही, तिचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. १८ वर्षं वाकलेली. इथे क्रियापदं धरून चला. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा वार, आहे, सभास्थानाचा अधिकारी चिडतो, आणि बोलतो कोणाशी तर लोकांशी, ना येशूशी ना बाईशी. म्हणतो काम करायला ‘हवं’ असे सहा दिवस आहेत. येशू तोच ‘हवं’ उचलतो, अब्राहामाच्या या लेकीला शब्बाथ दिवशीच सोडायला ‘नको होतं’ का? आणि ‘सोडणं’ हे क्रियापद तो गोठ्यातून आणतो, तुम्ही बैल-गाढव दावणीचं सोडून पाण्याला नेता ना. ज्याने गुराचं दावं सोडलंय त्याला हे अंगाने कळतं, समजावावं लागत नाही. ‘अब्राहामाची लेक’ हा किताबही विरळा, पुढे एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाच्या माणसाला ‘अब्राहामाचा पुत्र’ म्हटलंय, लूक अशा बाई-पुरुषांच्या जोड्या लावतो, त्या शोधत जा.

श्रद्धेचं म्हणाल तर मी स्वतः श्रद्धेने वाचते आणि असंच वाचते. घरच्यांना सांगा की मी गोष्ट खरी की खोटी हे तपासत नाहीये, ती कशी सांगितलीय ते बघतेय. ज्याने सात धातुसाधितं एका दमात लिहिली त्याला ती बाई महत्त्वाची वाटली म्हणूनच लिहिली. माझ्या गटातल्या ज्या बायका रोज जपमाळ ओढतात त्यांनाच हे वाचन सगळ्यात आधी भिडतं, प्राध्यापक मंडळींना वेळ लागतो.

शेवटी एक काम देते, करून बघा. मार्कच्या सगळ्यात जुन्या प्रतींचा शेवट १६:८ ला आहे, बायका येशूच्या कबरेपासून पळतात, थरथरत, आणि ‘त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती.’ हे वाचून झालं की लगेच ५:३३ उघडा, ती बाई, तीच भीती, तीच थरथर, आणि तिने सगळं खरं सांगितलं. ही दोन वाक्यं एका कागदावर एकाखाली एक लिहून चार दिवस समोर ठेवा, मग तुमचं काय म्हणणं ते मला कळवा, मी अजून त्या दोन वाक्यांतून बाहेर आलेले नाही.